नवरा म्हणतोय "तुझे केस मी कापतो" – कोणी कापून घेतलेत का?

रानजाई
नमस्कार मंडळी, विषय अगदी घरगुती आहे पण सल्ला खरंच हवाय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सलून बंद झाली तेव्हा मी नवऱ्याचे केस घरीच कापायला लागले, ते आजतागायत मीच कापते. मागे आणि बाजूला मशीन, वरती कात्री, आता हात चांगला बसलाय. सलून परत उघडली तरी हा गेला नाही, म्हणतो तू कापतेस ते मला आवडतं. इथवर सगळं ठीक. आता त्याने उलटा प्रस्ताव ठेवलाय की तुझे मी कापतो. माझे केस कमरेच्या जरा वर, दाट, थोडे कुरळट. खाली फाटे फुटलेत, चार बोटं कमी करायचेत, बाकी स्टाईल वगैरे काही नको. पार्लरमध्ये चार बोटं सांगितली की वीतभर जातात हा माझा कायमचा अनुभव, म्हणून मला तर कल्पना आवडलीये. पण सासूबाई पटकन म्हणाल्या "सवाष्णीच्या केसांना घरात कात्री लावू नये गं" आणि नंतर दिवसभर गप्प होत्या. त्यांना दुखवायचं नाहीये. तर कोणाच्या नवऱ्याने कापलेत का, कसे कापले, आणि त्याच्या हातात कात्री द्यायच्या आधी काय शिकवू?

खडीसाखर
आधी हे सांग, तो कोथिंबीर कशी चिरतो? एकसारखी बारीक चिरत असेल तर बिनधास्त दे कात्री. हाहा

रानजाई
@खडीसाखर, कोथिंबीर त्याच्याकडेच आहे आणि छान चिरतो, काड्या वेगळ्या, पानं वेगळी :)

संत्रानगरी
आमच्याकडे प्रश्नच नाही. एप्रिल लागला की नागपुरात पारा ४४-४५ ला जाते, आमचे हे म्हणतात फिरव मशीन. दोन नंबर लावून सगळीकडून सारखं, दहा मिनटात डोकं थंड. बायांच्या केसाचं मात्र मले माहीत नाही बाप्पा.

नेकारकाठ
रानजाई, माझे नवराच कापतो, आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. इथे १६ डिसेंबर २०२० ला सगळी केशकर्तनालयं बंद झाली ती थेट १ मार्च २०२१ ला उघडली, ऐन थंडीत. त्याच हिवाळ्यात सुरुवात झाली आणि मग सवयच पडली. एरवीही इथे बायकांच्या साध्या कटिंगला पुरुषांपेक्षा बरेच जास्त पैसे पडतात, अपॉइंटमेंट घ्या, सोमवारी बंद (हे मात्र अगदी आपल्यासारखं), आणि माझ्या भारतीय दाट केसांना हात लावताना ती बाई दरवेळी मोठा श्वास घ्यायची.

आता कामाचं सांगते. केस ओले असले की ताणले जातात आणि वाळले की आखडतात. सरळ केसांना फार फरक पडत नाही पण तुझे कुरळट आहेत म्हणजे ओल्यात चार बोटं कापलीस तर वाळल्यावर पाच-सहा बोटं गेल्यासारखी दिसतील. म्हणून एकतर पूर्ण वाळलेले, गुंता काढलेले केस काप नाहीतर ओल्यात दोनच बोटं काप आणि वाळल्यावर बघ. दुसरं, आधी आकार ठरव. सगळे केस दोन भाग करून दोन्ही खांद्यांवरून पुढे घेतले आणि पुढे कापले तर मागच्या केसांना लांबचा वळसा पडतो, त्यामुळे सोडल्यावर मागे लांब आणि बाजूला आखूड राहतात, म्हणजे यू आकार आपोआप येतो. तेच सगळे मागे एकत्र बांधून कापले तर उलट, पुढचे लांब राहतात. हे माझ्या नवऱ्याने कागदावर काढून मला समजावलं होतं, इंजिनियर माणूस, कात्रीला हात लावायच्या आधी आकृती!

खडीसाखर
आकृती काढणारा नवरा हाहाहा. पुढच्या वेळी टेंडर काढेल.

सातारी तर्री
मी कापतो बायकोचे. ती दोन्ही मुलांच्या वेळी पार्लरला जायला वेळच नाही म्हणून मागे लागली होती. एकच सांगतो, घरातली कात्री अजिबात वापरू नका. किचनमधली, शिवणाची, कागदाची कुठलीच नको. केस कात्रीतून निसटतात आणि टोकं चेचली जातात, म्हणजे फाटे काढायला बसायचं आणि नवीन फाट्यांची सोय करून उठायचं. केस कापायची वेगळी कात्री मिळते, साडेपाच-सहा इंची, ती आणा आणि तिने दुसरं काहीही कापू नका. आमच्याकडे पोरगा तिने शाळेचा चार्ट कापायला बसला होता तेव्हा बायको किंचाळली ती शेजारी ऐकू गेली. बाकी सोप्पं आहे सगळं, मी तर म्हणतो सलून पार्लरला पैसे घालायची गरजच काय.

स्वच्छंदी
मला हे सगळं वाचून छान वाटतंय पण माझं मत वेगळं आहे. पार्लरमध्ये मी जो तास बसते तो माझा असतो. कोणी चहा मागत नाही, कोणाचा डबा नाही, मोबाईल पर्समध्ये, कोणीतरी माझं डोकं धुतंय आणि मी डोळे मिटून बसलेय. घरातल्या बाईला हात लावून घ्यायची, म्हणजे कोणाकडून तरी काही करून घ्यायची संधी किती वेळा मिळते? तो तास मी नवऱ्याला देणार नाही. त्याने केस कापले तर नंतर झाडायला मीच, वर त्याचं कौतुक पण मीच करायचं.

नेकारकाठ
@स्वच्छंदी, शेवटच्या वाक्याला अनुमोदन, म्हणून आमच्याकडे नियम आहे, जो कापतो तोच झाडतो. पण तासाचं म्हणशील तर मला तो तास घरीच मिळतो. नवरा माझ्याशी एरवी बिलं, शाळा, गाडीचं सर्व्हिसिंग यावरच बोलतो, केस कापताना मात्र तो पूर्ण माझ्याकडे असतो. वीस वर्षांत त्याने माझ्या मानेवरचा तीळ पहिल्यांदा तेव्हा बघितला.

स्वच्छंदी
तीळ :) बरं, हे मान्य. तरी मी पार्लर सोडणार नाही.

कात्रीवाला मिरज
ताई, धागा वाचून गप्प बसणार होतो पण राहवलं नाही. आमचं मिरजेत सलून आहे. आजोबा बलुत्यावर गावचं काम करायचे, सुगीला धान्य मिळायचं, वडिलांनी शहरात येऊन खुर्ची टाकली, आता मी. २०२० ला मार्चअखेरपासून २८ जूनपर्यंत शटर खाली होतं. उघडलं तेव्हा पण कटिंग आणि डाय एवढ्यालाच परवानगी, दाढीला नाही. पुन्हा २०२१ च्या एप्रिलमध्ये बंद. भाडं चालूच, लाईट बिल चालूच, कारागीर गावाला गेलेले. म्हणून तर्री भाऊंनी "गरजच काय" लिहिलं ते मनाला लागलं. राग नाही, पण आमच्या बाजूनेही कोणी लिहायला पाहिजे.

आता दुसरी बाजू. नवरा-बायकोने एकमेकांचे कापले तर मला त्यात काही वाईट दिसत नाही. कारागीर कितीही हुशार असला तरी त्याला स्वतःच्या मागचे केस कापता येत नाहीत. माझ्या वडिलांचे आई कापायची, दुकान बंद असायचं त्या सोमवारी, अंगणात पाटावर बसवून. वडील आयुष्यभर दुसऱ्यांना "मान खाली, मान सरळ" सांगत आले आणि सोमवारी आई त्यांना तेच सांगायची. तेव्हा ताई, साहेबांना शिकवायचं असेल तर हे शिकवा.

कमरेपर्यंत केस असतील तर खुर्ची नको, खुर्चीची पाठ आडवी येते. तुम्ही उभ्या राहा, त्यांना स्टुलावर बसू द्या, म्हणजे टोकं त्यांच्या डोळ्यासमोर येतील. मान सरळ, समोर एका जागी बघत राहायचं, मान कलली की रेष कलली. सगळे केस एकदम हातात धरायचे नाहीत. वरचे क्लिपने वर बांधून ठेवा, खालचा पातळ थर आधी कापा, तोच पुढच्या थराचं माप. कंगवा खालपर्यंत आणून दोन बोटांत केस धरा पण ओढू नका, कुरळ्या केसांना ओढलं की फसगत होते. शेवटी कात्री उभी धरून टोकाटोकांत बारीक बारीक शिरवा, आडवी कचकन मारली की रेष फार उठून दिसते, उभ्या कात्रीने थोडं कमीजास्त झालं तरी लपतं. आणि पहिल्या वेळी सांगितलंय त्याच्या निम्मंच कापा. महिन्याला साधारण एक सेंटीमीटरच वाढतात, चुकलं तर भरून यायला वेळ लागतो.

सातारी तर्री
@कात्रीवाला, तुमचं म्हणणं एकदम रास्त आहे दादा. माझी स्वतःची कटिंग मी कोपऱ्यावरच्या सलूनमध्येच करतो आणि करत राहीन. तिथल्या गप्पा घरात कुठे मिळणार, अख्ख्या गल्लीचं राजकारण तिथं ठरतं. थराचं माप आज रात्रीच बायकोला वाचून दाखवतो.

माजघर
रानजाई, सगळे कात्रीबद्दल बोलतायत, मी सासूबाईंबद्दल बोलते. आपल्याकडे केस कधी कापावेत याचे नियम केवढे, शनिवार नको, अमावास्या नको, तिन्हीसांजेला नको, बायको गरोदर असेल तर नवऱ्यानेही कापू नयेत. यातले बरेच आम्ही सोडून दिले आणि कोणाचं काही बिघडलं नाही. पण "सवाष्णीच्या केसांना कात्री" हे मला त्या बाकीच्या नियमांच्या रांगेतलं वाटत नाही. घरात बाईच्या केसांना हत्यार लागायचं ते एकाच प्रसंगी, नवरा गेल्यावर. केशवपन. कोवळ्या पोरींचंही व्हायचं. १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवून संप केला होता. विचार करा, ज्यांचं पोट त्या कामावर होतं त्यांनी सांगितलं की हे काम आम्ही करणार नाही. मिरजकर दादा, तुमच्या समाजाबद्दल मला यासाठी फार आदर आहे. तर सासूबाई जुनाट विचारांच्या म्हणून सोडून देऊ नकोस. विचार त्यांना, कदाचित त्यांनी घरात काही बघितलेलं असेल.

कात्रीवाला मिरज
@माजघर ताई, आजोबा सांगायचे ही गोष्ट. तुम्ही इथे लिहिलीत, बरं वाटलं.

मालवणी माणूस
संपाचा माका म्हायत नव्हता. धाग्यार येऊन केस कापूक शिकलंय आणि इतिहास पण.

निशिगंध
मी सहसा लिहीत नाही इथे, आज लिहिते. माझे केस नवऱ्याने कापले ते केमोच्या आधी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळायला लागतील, लांब केस असे पुंजक्यांनी हातात येतात तेव्हा जास्त त्रास होतो, आधीच आखूड करा. पार्लरमध्ये मला जायचं नव्हतं, तिथल्या मुली विचारणार, एवढे छान केस का कापताय, मग मी काय सांगू. त्याने आधी कधी कात्री धरली नव्हती. वेणी घातली, दोन्हीकडे रबर लावले आणि वेणी कापली. ती तशीच कापडात ठेवली. मग खांद्यापर्यंतच्या केसांत मी काही दिवस राहिले, मग त्याने बॉयकट केला, तो वेडावाकडा होता पण मला आवडला. गळायला लागले तेव्हा मशीनने सगळे काढले. एक महत्त्वाचं, त्या काळात वस्तरा किंवा रेझर वापरू नका, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, छोटी जखमही महागात पडते. मशीनच, तेही स्वच्छ पुसून.

तो कापत असताना आम्ही काहीच बोललो नाही. मध्येच तो थांबला आणि चहा करून घेऊन आला, परत कापायला लागला. नंतर केस आले ते कुरळे आले, आधी माझे सरळ होते. आता बरी आहे, तपासण्या नीट येतायत. तेव्हापासून केसांना दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. रानजाई, कापून घे.

खडीसाखर
निशिगंध, तुला खूप खूप शुभेच्छा. तब्येत अशीच छान राहू दे.

स्वच्छंदी
निशिगंध, घट्ट मिठी.

डॉ. पारिजात
निशिगंध यांनी रेझरबद्दल लिहिलं ते अगदी बरोबर. त्यात भर घालते. घरात अंथरुणाला खिळलेला जोडीदार असेल तर केस आखूड ठेवणं ही सेवाच आहे, घाम कमी, डोकं पुसायला सोपं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तिथेही कात्री-वस्तरा टाळा, गार्ड लावलेलं मशीन बरं. बसवता येत नसेल तर कुशीवर वळवून एक बाजू करा, मग दुसरी, मानेखाली जुना टॉवेल. पक्षाघात झालेल्या माणसाला मशीनच्या आवाजाने दचकायला होतं, म्हणून आधी ते त्याच्या हातावर चालू करून दाखवा. आणि दोघांनाही एक सूचना, पायात चप्पल हवीच. कापलेले बारीक केस टोकदार असतात, पायाच्या बोटांमध्ये घुसून बसतात, तिथे पू होतो, नाभिक व्यवसायात हा त्रास लोकांना खरोखर होतो.

कात्रीवाला मिरज
डॉक्टर मॅडमचं शंभर टक्के खरं. वडिलांच्या बोटांच्या बेचक्यात झालं होतं, छोटं ऑपरेशन करावं लागलं. लहानपणापासून आम्हाला सांगितलेलं, दुकानात अनवाणी फिरायचं नाही.

कोहळा
कापलेल्या केसांचं काय करता सगळे? आमच्या बाथरूमची जाळी दर महिन्याला तुंबते.

नेकारकाठ
बाथरूममध्ये कापायचेच नाहीत ना. खाली जुनी चादर अंथरायची आणि चादरच गोळा करून बाहेर नेऊन झटकायची.

सातारी तर्री
मी कुंडीत टाकतो, केसांत नायट्रोजन असतो.

माजघर
@तर्री, असतो पण कुजायला फार वेळ लागतो, मातीत नीट मिसळून वर पालापाचोळा टाका, नुसते वर पसरू नका. आणि चिमण्या घरट्याला नेतील म्हणून गच्चीत कोणी टाकत असाल तर नका टाकू, लांब केस पिल्लांच्या पायात गुंततात. दान करायचे असतील तर बहुतेक संस्था फूटभर तरी लांबी मागतात, चार बोटांचा उपयोग नाही.

खडीसाखर
धागा केसांवरून खतावर आला. रानजाई कुठे गेली? कापलेस का नाही?

रानजाई
आहे आहे, सगळं वाचत होते. आधी माजघर ताईंना मनापासून धन्यवाद. मी सासूबाईंना विचारलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या त्यांच्या माहेरी आजीची बहीण होती, लाल आलवणात, स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत राहायची. न्हावी मागच्या दारी यायचा आणि या लहान मुलींना तेव्हा पुढच्या अंगणात पाठवायचे. एकदा सासूबाईंनी फटीतून बघितलं होतं. इतक्या वर्षांत हे त्यांनी त्यांच्या मुलालाही सांगितलं नव्हतं, तो पण ऐकत बसला. मी म्हटलं मग नको कापायला, मी पार्लरला जाते. तर म्हणाल्या नाही, काप, पण मागच्या खोलीत नको, पुढच्या बाल्कनीत उजेडात, आणि शनिवार सोडून. तर रविवारी सकाळी बाल्कनीत कार्यक्रम झाला, त्या खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या.

मिरजकर दादांनी सांगितलं तसंच केलं. मी उभी, तो स्टुलावर, वाळलेले केस, खालचा थर आधी, आणि निम्मंच म्हणजे दोन बोटं. केस पुढे घेऊन नाही कापले, मला मागे सरळच हवे होते. त्याला वेळ लागला, मध्ये दोनदा म्हणाला "हलू नकोस", माझंच वाक्य मला परत. फाटे जवळजवळ सगळे गेले, रेष सरळ आहे, उंदरांनी कुरतडल्यासारखं कुठेच दिसत नाही. डावीकडे किंचित लांब आहेत ते तो पुढच्या महिन्यात करणार म्हणे. झाडलं त्यानेच, स्वच्छंदी :)

स्वच्छंदी
वा! झाडलं हे वाचून मी अर्धी तुमच्या पार्टीत.

सातारी तर्री
फोटो टाका की वहिनी. चेहरा नको, मागून.

रानजाई
टाकते रात्री, नेट स्लो आहे.

कोहळा
धाग्याचा फायदा घेऊन माझा प्रश्न विचारते, कात्रीवाला दादा. माझ्या नवऱ्याचे वरचे केस विरळ झालेत आणि मागे जिथे भोवरा आहे तिथे कितीही कापले तरी उभे राहतात. त्याला घरी कापायचेत तर कुठला नंबर लावू? मशीन नवीनच आणलंय, भीती वाटतेय.

कात्रीवाला मिरज
ताई, भीती नको. १ नंबरचा गार्ड म्हणजे साधारण ३ मिमी, २ म्हणजे ६, ३ म्हणजे ९-१०, ४ म्हणजे १२-१३. मागे आणि बाजूला ४ ने सुरू करा, खालून वर, केसांच्या उलट दिशेने. पसंत पडलं तर तिथेच थांबा, नाहीतर फक्त कानाच्या वरच्या पातळीपर्यंत ३ फिरवा. डोक्याचा गोलावा चालू होतो तिथे मशीन हळूच बाहेर काढायचं, आत दाबून वर नेलं की पायऱ्या पडतात. वर विरळ असतील तर बाजूचे जास्त लांब ठेवू नका, बाजू भरलेली असली की वरचं जास्त उघडं दिसतं. भोवऱ्याला मशीन लावूच नका, तिथे कात्रीने कापा आणि जरा लांब ठेवा, वजनाने खाली बसतील, अर्धवट आखूड झाले की उभेच राहणार. कान पुढे दुमडून मग मागची कड काढा. कल्ले कानाच्या मापाने करू नका, दोन्ही कान सारख्या उंचीवर असतातच असं नाही, समोर उभं राहून आरशात बघा. झालं की ब्लेड ब्रशने झाडून दोन थेंब मशीनचं तेल, खोबरेल नाही, ते थंडीत गोठतं. अडलं तर इथेच विचारा, सोमवारी दिवसभर मोकळा असतो.